उसनी सही

पुनरुत्थानाचा सण होऊन आठवडाही उलटला नव्हता. सकाळची मिस्सा आटोपून मी कार्यालयात येऊन बसतो न बसतो तोच आमच्या धर्मग्रामातील एक जोडपे दारात उभे राहिले. दोघांच्याही चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. मुलगा सी.ए.च्या इंटरमिजिएट परीक्षेचे दोन्ही गट उत्तीर्ण झाला होता. मी उठून अभिनंदन केले, पेढा तोंडात टाकला आणि मग वडिलांनी घसा खाकरला.

“फादर, एक चिठ्ठी हवी होती. ते सी.ए. साहेब तुमच्या ओळखीचे आहेत ना, त्यांच्याकडे पोराचं आर्टिकलशिपला नाव लावायचं आहे.”

“आनंदाने देतो,” मी म्हणालो. “केव्हापासून जाईल तो कामाला?”

त्यांनी पत्नीकडे पाहिले. “कामाला नाही जायचा, फादर. नाव तेवढं लावायचं. तो क्लासला जाईल, घरी अभ्यास करील. विद्यावेतनाचा चेक ते काढतील, ते पैसे आम्ही त्यांना रोख परत करू. दोन वर्षांनी सही झाली म्हणजे झालं. तुमचा शब्द ते मोडायचे नाहीत.”

आई हळूच म्हणाली, “सगळेच करतात, फादर.”

मी चिठ्ठी दिली नाही. त्या दिवसापासून हे कुटुंब माझ्या मिस्सेला येत नाही. रविवारी शेजारच्या धर्मग्रामात जाते, असे ऐकतो. याचे मला मनापासून दुःख आहे. परंतु गेल्या दोन वर्षांत अशी मागणी घेऊन माझ्याकडे आलेले हे चौथे कुटुंब होते. म्हणजे प्रश्न एका घराचा उरलेला नाही. जे एका घराला खोलीत सांगितले, ते सर्वांना उघडपणे सांगणे आता माझे कर्तव्य झाले आहे. कुणाला बोचले तर बोचू दे. लेखणी हाती घेताना मी त्याचा विचार केला आहे.

या प्रकाराला ‘डमी आर्टिकलशिप’ असे नाव पडले आहे. आपल्या लोकांनी या शब्दाला इतके सरावून जावे की पेढ्याच्या पुड्यासोबत तो धर्मगुरूच्या टेबलावर ठेवावा, याची मला अधिक भीती वाटते. शब्द गोंडस आहे. वस्तू काय आहे ते पाहू या. मुलगा दोन वर्षे जिथे गेला नाही, तिथे गेला असे एक सनदी लेखापाल लिहून देतो. जे काम त्याने केले नाही, ते केले असे प्रमाणित करतो. मुलगा त्याखाली स्वाक्षरी करतो. बाप त्यासाठी पैसे फिरवतो. मराठीत याला खोटी साक्ष म्हणतात, आणि आठवी आज्ञा आपण लहानपणी ज्या बाकावर बसून पाठ केली, तो बाक अजून आपल्याच चर्चमध्ये आहे.

‘फादरांना हिशेबातले काय कळते?’ असा प्रश्न काही ओठांवर आला असेल. प्रश्न रास्त आहे. मी लेखापाल नाही. परंतु ज्या द्विनोंदी पद्धतीवर आज जगाचा व्यापार उभा आहे, तिचे पहिले छापील विवेचन १४९४ साली व्हेनिसमध्ये प्रसिद्ध केले ते लुका पाचोली या फ्रान्सिस्कन संन्याशाने, एवढे मला ठाऊक आहे. व्यापाऱ्याने आपल्या वहीचा आरंभ परमेश्वराच्या नावाने करावा, असे त्याने त्यात सांगितले. जकातीच्या नाक्यावरून उठून प्रभूमागे गेलेला संत मत्तय तर हिशेबनिसांचा आश्रयदाताच मानला जातो. तेव्हा वही आणि वेदी यांचे नाते माझ्या डोक्यातून निघालेले नाही.

आता मूळ विषयाकडे वळू. मराठीत एक फार चांगला शब्द आहे: उमेदवारी. आज निवडणुकीने तो पळवला. पण सोनाराच्या दुकानात, सुताराच्या मांडवात, छापखान्यात पोरगा लागला की तो ‘उमेदवारी करतो’ असे आपले आजोबा म्हणत. हात वळेपर्यंत मालकाच्या नजरेखाली राहायचे, असा त्याचा अर्थ. सनदी लेखापालाचा व्यवसाय हा आपल्या काळात ही जुनी रीत जपून ठेवणाऱ्या मोजक्या व्यवसायांपैकी एक आहे. १९१८ साली मुंबई सरकारने लेखाशास्त्राची शासकीय पदविका सुरू केली, तेव्हाही परीक्षेच्या जोडीला मान्यताप्राप्त लेखापालाकडची उमेदवारी होतीच. स्वातंत्र्यानंतर संसदेने कायदा केला आणि १ जुलै १९४९ रोजी सनदी लेखापालांची संस्था अस्तित्वात आली. तिनेही ही अट सोडली नाही. एक काळ तर असा होता की इंग्लंडमध्ये, आणि तिथून आपल्याकडे आलेल्या प्रथेत, उमेदवाराचा बाप गुरूला ‘प्रीमियम’ म्हणून ठोक रक्कम मोजत असे. विद्या ही घेण्याची वस्तू आहे आणि तिची किंमत मोजावी लागते, हे त्यामागचे तत्त्व. ती प्रथा गरिबांना दाराबाहेर ठेवणारी होती, म्हणून ती गेली आणि विद्यावेतन आले, हे योग्यच झाले. पण काळाचे चक्र पाहा: आज पुन्हा बाप पैसे मोजतो आहे. तेव्हा तो मुलाला शिकवावे म्हणून मोजत असे. आता शिकवू नये म्हणून मोजतो!

ही उमेदवारी अनेक वर्षे तीन वर्षांची होती. १ जुलै २०२३ पासून लागू झालेल्या योजनेत ती दोन वर्षांवर आली आहे. दोन्ही गट उत्तीर्ण झाल्यावर ती सुरू होते आणि संपल्यावर अंतिम परीक्षेपूर्वी सहा महिने निव्वळ अभ्यासासाठी मिळतात. ‘कामावर गेला तर अभ्यास कधी करणार?’ ही तक्रार पूर्वी समजण्यासारखी होती. प्रत्येक विषयात किमान चाळीस आणि गटाच्या एकूण गुणांत पन्नास टक्के मिळाल्याशिवाय इथे सुटका नाही. २०२२ ते २०२४ या तीन वर्षांत अंतिम परीक्षेचे दोन्ही गट एकत्र देणाऱ्यांपैकी शेकडा वीसही उत्तीर्ण झाले नाहीत. या डोंगराची भीती कुणाला वाटणार नाही? ती मलाही वाटते. परंतु आता उमेदवारीचे एक वर्ष कमी झाले आहे आणि अभ्यासाला वेगळे सहा महिने आहेत. तरीही जे दोन वर्षे उरली तीही खोटी करायची असतील, तर अडचण वेळेची नसून वृत्तीची आहे, असे म्हणण्यावाचून गत्यंतर नाही. पी हळद आणि हो गोरी, ही ती वृत्ती.

उमेदवारीत शिकायचे तरी काय असते, असे पालक विचारतात. पुस्तकात सगळे असतेच ना? याचे उत्तर मला कोणत्याही सनदी लेखापालाने दिले नाही. ते मला वीस-एकवीस वर्षांच्या एका मुलीने दिले, आणि तेही माझी चूक दाखवून दिले.

चर्च ही सार्वजनिक न्यासाच्या कायद्याखाली नोंदलेली संस्था असते. तिचे हिशेब दरवर्षी तपासून घ्यावे लागतात. काही वर्षांपूर्वी तपासणीसाठी ज्या कार्यालयाकडे आमच्या वह्या होत्या, तिथून दोन उमेदवार आले. एक मुलगा, एक मुलगी. दोघांच्या पाठीवर दप्तरे, हातात हिरवी पेन्सिल. सकाळपासून ती दोघे रोजकीर्द आणि व्हाउचरांच्या फायली घेऊन बसली होती. एकेक पावती उचलायची, तारीख पाहायची, रक्कम वहीशी ताडायची, हिरवी खूण करायची, पान उलटायचे. आमच्या स्वयंपाकिणीने दोनदा चहा नेऊन दिला. तो दोन्ही वेळा निवला. दुपारी मुलगी माझ्या दारात आली.

“फादर, सणाच्या मंडपाचे पैसे दिले आहेत, त्याची पावती फायलीत नाही.”

“मंडपवाला आपलाच माणूस आहे,” मी म्हणालो. “पैसे मी स्वतः दिले. माझ्यासमोर मोजून घेतले त्याने.”

“हो, फादर. पण पावती नसेल तर तसं लिहावं लागेल.”

मला राग आला, हे कबूल करतो. सत्तावीस वर्षे मी धर्मगुरू आहे. हजारो लोकांनी आपल्या आयुष्यातील अत्यंत खाजगी गोष्टी माझ्या कानावर विश्वासाने घातल्या आहेत. आणि माझ्या भाचीच्या वयाची ही पोर माझ्या शब्दावर शंका घेते? मी जरा चढ्या आवाजात म्हणालो, “मी सांगतो ना तुला!”

ती घाबरली. तिचा आवाज कापला, पण शब्द मागे गेला नाही. “तुम्ही सांगता ते खरंच आहे, फादर. पण तुमचा शब्द मी फायलीत कसा लावू? उद्या तुमची बदली झाली तर?”

तिने ती नोंद केली. अहवालात ती आली. वित्त समितीच्या बैठकीत ती सर्वांसमोर वाचली गेली आणि मला मान खाली घालावी लागली. मंडपवाल्याने पैसे घेतले होते, मी दिले होते, कुठे एक पैसाही इकडचा तिकडे झाला नव्हता. आणि तरीही ती मुलगीच बरोबर होती. चर्चचा पैसा माझा नाही. तो सकाळी भाजीची टोपली घेऊन गाडी पकडणाऱ्या बाईचा आहे, फुलांच्या वाडीत कंबर मोडून काम करणाऱ्या म्हाताऱ्याचा आहे. त्यांच्या वतीने मला प्रश्न विचारण्याचा अधिकार त्या दिवशी त्या मुलीला होता, आणि तो तिने माझ्या झग्याला न भिता वापरला. त्या वर्षापासून आमच्या कार्यालयात पावतीशिवाय पैसा बाहेर जात नाही.

हे कोणत्या पुस्तकात आहे? पावती नसल्यास शेरा लिहावा, हे पुस्तकात आहे. पण समोर वयाने, मानाने मोठा माणूस रागावून उभा असताना पाय न लटपटू देता शेरा कसा लिहावा, हे पुस्तकात नाही; क्लासच्या खोलीत, तीनशे मुलांमध्ये, पडद्यावर पाहूनही ते कळत नाही. ते गोदामात पोती मोजताना कळते, वहीतील चारशे आणि समोरची तीनशे साठ यांतील चाळीस पोत्यांविषयी मालकाला विचारताना कळते. आर. शिवभोगम यांनी १९३३ साली मद्रासेत लेखापालाची परीक्षा उत्तीर्ण केली. त्या या देशातील पहिल्या महिला लेखापाल. स्वातंत्र्याच्या चळवळीत त्यांनी तुरुंगवासही भोगला होता. ‘नाही’ म्हणण्याचे धैर्य आणि आकड्यांची शिस्त एकाच स्वभावात कशी नांदते, हे मला त्या मुलीकडे पाहून उमगले.

आता कुणी म्हणेल, ‘फादर, तुम्ही राईचा पर्वत करता. एका मुलाने दोन वर्षे कार्यालयात न जाता अभ्यास केला तर कुणाचे काय बिघडले?’ कुणाचे बिघडते ते सांगतो.

७ जानेवारी २००९ रोजी सत्यम कॉम्प्युटर या कंपनीच्या अध्यक्षाने पत्र लिहून कबुली दिली. वहीत रोकड आणि बँकेतील शिल्लक म्हणून ५,३६१ कोटी रुपये दाखवले होते. त्यांतील ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते. बँकेत पैसे आहेत की नाहीत हे पाहायची रीत काय असते? तपासनिसाने बँकेला स्वतः पत्र लिहायचे आणि बँकेचे उत्तर थेट स्वतःकडे मागवायचे. काम इतके साधे आणि इतके कंटाळवाणे की ते बहुधा उमेदवाराच्याच वाट्याला येते. ज्याने दोन वर्षे अशी पन्नास पत्रे पाठवली, उत्तर आले नाही म्हणून पुन्हा पाठवली, बँकेच्या दारात जाऊन उभा राहिला, त्याला त्या कागदाचे मोल कळते. ज्याने एकही पाठवले नाही, त्याला मालकाने हाती दिलेला कागद आणि बँकेकडून आलेला कागद यांतला फरक परीक्षेपुरताच ठाऊक असतो.

हे दूरचे उदाहरण वाटत असेल तर जवळचे घ्या. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध आणले, तेव्हा खातेदारांना सुरुवातीला आपल्याच खात्यातून केवळ एक हजार रुपये काढता येत होते. एकाच उद्योगसमूहाला दिलेली थकीत कर्जे लपवण्यासाठी एकवीस हजारांहून अधिक बनावट कर्जखाती दाखवली गेली, असे तपासात पुढे आले. बँकेच्या बंद दारासमोर रडणारे वृद्ध आपण दूरदर्शनवर पाहिले. कुणाचे औषध अडले होते, कुणाच्या मुलीचे लग्न. जानेवारी २०२२ मध्ये ती बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली. परंतु त्या मधल्या दिवसांची भरपाई कोण करणार?

आपल्या वसईतही १९१८ सालीच कॅथोलिक पतसंस्था उभी राहिली. तिचीच पुढे बॅसीन कॅथोलिक सहकारी बँक झाली. शेतकऱ्यांनी आपला घामाचा पैसा एकमेकांच्या भरवशावर एकत्र ठेवला. भरवसा म्हणजे काय? वहीत जे लिहिले आहे ते खरे आहे, आणि ते खरे आहे की नाही हे पाहणारा कुणीतरी आहे, हाच तो भरवसा. हिशेबतपासनीस हे समाजाच्या शेताचे कुंपण आहे. कुंपणच शेत खाऊ लागले तर दाद कुणाकडे मागायची? आणि ज्या कुंपणाची पहिली काठीच पोकळ रोवली, ते किती दिवस उभे राहील?

सनदी लेखापाल सही विकून पोट भरतो, असे गमतीने म्हणतात. त्यात गंमत नाही. ते अक्षरशः खरे आहे. त्याच्याजवळ यंत्र नाही, जमीन नाही, माल नाही. ‘मी पाहिले आहे आणि हे खरे आहे’ एवढे सांगणारी एक सही आहे. तिच्यावर बँक कर्ज देते, सरकार कर स्वीकारते, विधवा आपली ठेव ठेवते. असे असताना त्या मुलाच्या व्यावसायिक आयुष्यातील पहिलीच सही खोट्या कागदावर व्हावी, आणि तीही आईवडिलांच्या देखत? उद्या एखादा व्यापारी त्याच्यासमोर कागद सरकवून म्हणेल, ‘साहेब, सगळेच करतात.’ तो आवाज त्याला ओळखीचा वाटेल. तो त्याच्या आईचा असेल.

तुमच्या बाळाचा बाप्तिस्मा ‘डमी’ सेमिनरीतून आलेल्या धर्मगुरूने केलेला चालेल का? मी गोरेगावच्या सेमिनरीत अनेक वर्षे काढली. मध्येच पुस्तके बाजूला ठेवून लोकांमध्ये राहण्यासाठी पाठवले गेले. तेव्हा मलाही वाटले होते, ही उठाठेव कशाला? परीक्षा घ्या आणि सोडा. आज कुणाच्या मृत्युशय्येपाशी उभा राहतो तेव्हा पुस्तकातले फारसे आठवत नाही. त्या दिवसांतले आठवते.

इतके लिहून थांबलो तर मी अर्धेच सत्य सांगितले असे होईल, आणि अर्धे सत्य सांगणारा हिशेबनीसच काय, धर्मगुरूही नको. डमीचा रोग एकट्या पालकांनी आणलेला नाही. ज्यांच्या हाताखाली उमेदवारी करायची, त्या लेखापाल मंडळींना मला आता दोन शब्द ऐकवायचे आहेत; त्यांतील कित्येक आपल्याच धर्मग्रामांत पहिल्या बाकावर बसतात.

बंधूंनो, तुम्ही उमेदवाराला काय देता? कित्येक वर्षे वीस लाखांहून अधिक वस्तीच्या महानगरातसुद्धा पहिल्या वर्षाच्या उमेदवाराला महिन्याला किमान एक हजार रुपये द्यावेत, एवढाच नियम होता. पुढे हा आकडा वाढला, तरीही तो काही हजारांच्या घरातच आहे. हा आकडा किमान आहे, कमाल नाही. पण आपल्यापैकी अनेकांनी ‘किमान’ या शब्दाचा अर्थ ‘पुरेसे’ असा लावून घेतला आहे. विरारहून सकाळची गाडी पकडून फोर्टात येणाऱ्या मुलाचा पास, दुपारचे जेवण आणि पुस्तके यांची बेरीज तुम्ही केली आहे का? बेरजेतच तर तुमचा हातखंडा! आठवड्याला पस्तीस तास हे नियमाने ठरलेले काम. सप्टेंबरात करतपासणीचे अहवाल तुंबले की रात्री अकरापर्यंत मुले-मुली बसवून ठेवता, तेव्हा जादा तासांची नोंद कोणत्या वहीत करता? कामकऱ्याच्या अडवून ठेवलेल्या मजुरीचा आक्रोश परमेश्वराच्या कानी जातो, असे संत याकोबाने बजावले आहे. ‘हे विद्यावेतन आहे, मजुरी नाही,’ असे तुम्ही म्हणाल. मान्य. मग विद्या द्या! वेतन नाही आणि विद्याही नाही, तर तिसरे काय उरते त्याचे नाव मी लिहीत नाही.

हे लिहिण्याचा अधिकार मला कशामुळे आला तेही सांगतो. बारा-तेरा वर्षांपूर्वी शेतकऱ्याच्या एका मुलाला मी अशीच चिठ्ठी दिली होती, खऱ्या उमेदवारीची. कार्यालय नावाजलेले होते, मला अभिमान वाटला. आठ महिन्यांनी मुलगा मला भेटायला आला. या आठ महिन्यांत त्याने बँकेच्या रांगा लावल्या होत्या, झेरॉक्स काढल्या होत्या, साहेबांच्या मुलाला शाळेतून घरी सोडले होते. खतावणीचे पान त्याने एकदाही उलटले नव्हते. “फादर, दुसरीकडे जावं म्हणतो, पण ते सोडत नाहीत,” तो म्हणाला. मी काय केले? मी त्याला सांगितले, ‘टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही.’ म्हण सुंदर आहे. ती ऐकून तो उठून गेला, आणि पुढच्या महिन्यात त्याने सगळेच सोडले. आज तो आपल्या वाडीत फुलझाडे करतो, सुखाने संसार करतो, भेटला की हसून नमस्कार करतो. पण घाव घालणाऱ्याच्या हातात टाकी तरी आहे का, हे मी त्या दिवशी विचारले नव्हते. एक फोन मी करू शकलो असतो, केला नाही. मोठ्या माणसाला दुखवायला मी भ्यालो. त्या मुलीने माझ्यासमोर जे धैर्य दाखवले, ते मला त्या मुलासाठी दाखवता आले नाही.

म्हणून डमी मागणाऱ्या बापाचा मला राग येतो तेव्हा हेही आठवते की, अशाच एखाद्या मुलाची गोष्ट त्याने ऐकलेली असेल. ‘झेरॉक्सच काढायच्या तर घरी बसून अभ्यास केलेला काय वाईट?’ हा त्याचा प्रश्न अगदीच निराधार नाही. शिकवणी न देणाऱ्या गुरूने खोट्या गुरूला जन्म दिला आहे. दोघांचाही शेवट एकाच सहीत होतो: ‘याने माझ्याकडे शिक्षण घेतले.’ एकाकडे तो मुलगा गेलाच नाही, दुसऱ्याकडे गेला आणि तरी शिकला नाही. सही दोन्हीकडे उसनीच!

परंतु एका खोटेपणावर दुसरा खोटेपणा हे औषध नव्हे. औषध कष्टाचे आहे आणि ते आपल्या हातात आहे.

आपल्या धर्मग्रामांत आज सनदी लेखापाल पुष्कळ आहेत. त्यांनी प्रत्येकी निदान एक उमेदवार आपल्या खेड्यापाड्यांतून घ्यावा, त्याला नियमाहून अधिक द्यावे आणि महिन्यातून एक तास स्वतः समोर बसवून शिकवावे. परीक्षा उत्तीर्ण झालेल्याला शाल आणि श्रीफळ देण्यात आपण तरबेज आहोत. त्या खर्चातून परीक्षेआधीच्या दोन वर्षांत एका गरीब मुलाचा रेल्वेचा पास निघेल. शाल नंतर मिळाली नाही तरी चालते, पास आधी लागतो. पालकांनी कार्यालय निवडताना मोठे नाव पाहू नये; तिथे सध्या असलेल्या उमेदवारांना गाठून विचारावे की तुम्हाला कोणते काम दिले जाते, चुकल्यास कोण समजावून सांगते, आणि परीक्षेच्या आधी साहेब वागतात कसे. आणि मुलांनो, रोज रात्री गाडीत जागा मिळाली तर, नाहीतर घरी, आज काय पाहिले ते चार ओळींत लिहून ठेवा. दोन वर्षांनी ती वही तुमचे खरे प्रमाणपत्र होईल. तीवर कुणाच्या सहीची गरज पडणार नाही.

सनदी लेखापालांच्या संस्थेने आपले ब्रीद कठोपनिषदातून घेतले आहे. इतर सारे निद्रिस्त असताना जागा राहणाऱ्याविषयी ते बोलते. पहाटेच्या लोकलमध्ये उभ्याने पुस्तक वाचणारी आमची मुले मी पाहतो, तेव्हा हे ब्रीद त्यांना शोभते असे वाटते. घरी झोपून ज्याची हजेरी दुसरीकडे लागते, त्याला ते कसे शोभावे?

ज्या कुटुंबापासून मी आरंभ केला, त्यांना एवढेच सांगणे आहे: तुमची चिठ्ठी मी लिहून ठेवली आहे. मुलगा कामाला जाणार असेल तर ती त्याच्या हाती देईन, आणि सहा महिन्यांनी मी स्वतः त्या कार्यालयात जाऊन विचारीन की माझ्या पोराला तुम्ही काय शिकवले. या वेळी मी भिणार नाही. तुमचा मुलगा हुशार आहे, कष्टाळू आहे; तो सनदी लेखापाल होईल याविषयी मला शंका नाही. कोणता होईल, एवढाच प्रश्न आहे. तो दिवस येईल तेव्हा आमच्या चर्चच्या वह्या मी त्याच्यापुढे ठेवीन, आणि एखादी पावती नसली तर त्याने माझ्या तोंडावर सांगावे, “फादर, तसं लिहावं लागेल.” रविवारी सातच्या मिस्सेला या. तुमची जागा रिकामी आहे.